‘अध्यक्ष’, ‘वडील’ आणि ‘ठेव’ : पाळकीय पत्रांची मराठी परिभाषा

नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेली दोन पत्रे आणि तीताला लिहिलेले एक पत्र, अशी तीन पत्रे व त्यांचे मिळून तेरा अध्याय, यांचा मराठीत जो विचार झाला तो बहुतांशी उपदेशाच्या अंगाने झाला. मंडळीचा पुढारी कसा असावा आणि खरी शिकवण कोणती, हे या पत्रांचे दोन विषय असल्याने तसे होणे स्वाभाविकच होते. परंतु ही पत्रे मराठीत उतरली तेव्हा भाषांतरकारांपुढे उभा राहिलेला प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नव्हता. ज्या अधिकारपदांना मराठी समाजात प्रतिरूप नव्हते, त्यांना नावे द्यावयाची होती, आणि नाव देणे म्हणजे त्या पदाचा अर्थ लावणे होय. श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली निघालेला मोडी लिपीतील नवा करार, अमेरिकन मिशनने 1826 साली मुंबईत सिद्ध केलेला नवा करार, 1847 सालचे संपूर्ण पवित्र शास्त्र आणि त्यानंतरच्या सुधारित आवृत्त्या, या दीर्घ परंपरेतून जे शब्द आज स्थिर झाले आहेत, त्यांची परीक्षा येथे करावयाची आहे. ही परीक्षा रायगडच्या, म्हणजे 1981 पर्यंत ज्याला कुलाबा म्हणत त्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उभे राहून केल्यास अधिक फलदायी होते. याच पट्टीवर रोमन कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि यहुदी अशा तीन परंपरांनी धर्माधिकाऱ्याला तीन तऱ्हेची नावे दिली.

पत्रांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगून पुढे जाणे बरे. तीमथ्य इफिस येथे, तर तीत क्रेत बेटावर आहे. म्हणजे एक बंदराचे शहर आणि दुसरे बेट. दोघेही पौलाचे सहकारी, आणि दोघांनाही मंडळीची घडी बसविण्याचे काम सोपविलेले. अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मन पंडितांनी या तिन्ही पत्रांना ‘पाळकीय’ हे नाव दिले. 1807 साली श्लायरमाखरने तीमथ्याचे पहिले पत्र पौलाचे नव्हे अशी शंका घेतली, आणि 1921 साली पी. एन. हॅरिसनने शब्दसंग्रहाच्या आधारे ती शंका तिन्ही पत्रांपर्यंत नेऊन पक्की केली. आज बहुसंख्य अभ्यासक ही पत्रे पौलाच्या शिष्यपरंपरेत पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिली गेली असे मानतात. विरुद्ध पक्षही विद्वत्तेत कमी नाही. परिभाषेच्या विचारात या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एवढे मात्र दोन्ही पक्षांना मान्य असावे की, येथे अधिकारपदे अजून पुरती घडलेली नाहीत. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी अंत्युखियाचा इग्नाटियस जी पत्रे लिहितो त्यांत एक बिशप, त्याच्याभोवती वडिलांचे मंडळ आणि हाताखाली सेवक, अशी उतरंड स्पष्ट दिसते. पाळकीय पत्रांत ती उतरंड नाही. तीताच्या पहिल्याच अध्यायात नगरोनगरी वडील नेमण्यास सांगितले आहे, आणि दोन ओळींनंतर त्याच व्यक्तीला दुसऱ्या पदनामाने संबोधून तिची लक्षणे दिली आहेत. हे शैथिल्य ज्या भाषांतरात टिकते ते मुळाशी प्रामाणिक, आणि ज्यात ते बुजविले जाते त्यात नंतरच्या काळातील व्यवस्था मागे ढकललेली असते. मराठी भाषांतराचे मूल्यमापन प्रथम याच कसोटीवर करावे लागते.

तीताच्या त्या दुसऱ्या पदनामाचा मूळ ग्रीक शब्द ‘एपिस्कोपॉस’. त्याचा अवयवार्थ ‘वरून पाहणारा’, म्हणजे देखरेख करणारा. इंग्रजीतला ‘बिशप’, पोर्तुगीजांतला ‘बिश्पु’ आणि कोंकणीतला ‘बिस्प’ ही सगळी त्याच शब्दाची झिजलेली रूपे होत. पण झिजताना त्यांतील ‘पाहणे’ नाहीसे झाले आणि केवळ पदवी उरली. मराठी भाषांतरकारांनी हा झिजलेला शब्द घेतला नाही. त्यांनी ‘अध्यक्ष’ हा शब्द योजिला. आजच्या वाचकाला हा शब्द वाचताच सभेचे व्यासपीठ, हार आणि समारोपाचे भाषण आठवते, आणि मंडळीच्या पुढाऱ्याला सभेचा प्रमुख करून टाकल्याबद्दल भाषांतरकाराला दोष द्यावासा वाटतो. तो दोष अस्थानी आहे. ‘प्रत्यक्ष’ या शब्दात जे ‘अक्ष’ आहे तेच ‘अध्यक्ष’ शब्दात आहे. जे डोळ्यांसमोर ते प्रत्यक्ष, आणि ज्याची नजर वरून सर्वांवर आहे तो अध्यक्ष. नासदीय सूक्तात सृष्टीवर परम व्योमातून दृष्टी ठेवणाऱ्यालाही हाच शब्द लाविला आहे. ग्रीक शब्दाचे अवयव एकेक करून संस्कृतात मांडावे म्हटले तरी याहून नेमका प्रतिशब्द हाती लागणे कठीण.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर अध्यक्षांचे एक सबंध अधिकरणच आहे. पण्याध्यक्ष बाजारावर, सीताध्यक्ष शेतीवर, आणि नावध्यक्ष समुद्रकाठ, नदीमुखे व तरी यांवर देखरेख करतो. हे सारे कामाचे अधिकारी होत. त्यांना आसन नसते, फेरी असते. किनाऱ्याच्या वाचकाला यांतला नावध्यक्ष विशेष ओळखीचा वाटावा. त्याने मासेमाऱ्यांकडून व व्यापाऱ्यांकडून शुल्क घ्यावे, हे ओघाने आलेच. पण वाऱ्याने मार चुकलेली नाव बंदराला लागली तर तिच्याशी त्याने पित्यासारखे वागावे, असेही कौटिल्याने सांगून ठेविले आहे. तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी विश्वासाचे तारू फुटल्याची प्रतिमा येते, आणि तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाची लक्षणे येतात. मूळ लेखकाने त्या दोहोंचा संबंध जोडलेला नाही; परंतु मराठी शब्दाच्या पोटात तो संबंध आयता आहे. ‘अध्यक्ष’ हा शब्द निवडताना भाषांतरकारांच्या मनात अर्थशास्त्र नव्हते, हे निश्चित. तो ग्रंथ 1905 साली शामशास्त्र्यांच्या हाती लागेपर्यंत विद्वानांनाही नावापुरताच ठाऊक होता. त्यांना संस्कृत कोशातला अर्थ पुरेसा झाला. पुढे सभासंमेलनांचा काळ आला, संस्था निघाल्या, आणि शब्द देखरेखीकडून खुर्चीकडे सरकला. भाषांतर बिघडले नाही, भोवतालची मराठी बदलली. एवढे मात्र खरे की, या बदलाची नोंद न घेता तोच शब्द पुढच्या आवृत्त्यांतून जसाच्या तसा चालू ठेविल्याने आजचा वाचक तिसरा अध्याय एखाद्या संस्थेच्या घटनेसारखा वाचतो. तो तसा नाही. त्यात मागितलेले गुण घरातले आहेत : एका स्त्रीचा पती, पाहुण्यांचे स्वागत करणारा, मद्यासक्त नव्हे, द्रव्यलोभी नव्हे, आपल्या मुलाबाळांना वळण लावणारा. ज्याला स्वतःचे घर चालविता येत नाही तो देवाचे घर कसे सांभाळील, असा त्यातला युक्तिवाद आहे.

या घरगुती सुराला साजेसे शब्द मराठीने अन्यत्र दिले आहेत. ‘मंडळी’ हा त्यांपैकी पहिला. भजनी मंडळी, नाटक मंडळी या अर्थांबरोबरच घरातली माणसे, आणि लाजून बोलताना पत्नी, असाही त्याचा अर्थ होतो. देवाचे घर आणि जमलेला समुदाय हे दोन्ही अर्थ एका शब्दात सामावून घेण्याची ही सोय मूळ ग्रीक शब्दालाही नव्हती. तीताच्या पत्रात अध्यक्षाला देवाचा ‘कारभारी’ म्हटले आहे, तोही शब्द असाच. ग्रीकमध्ये तो धन्याच्या घराचा हिशेब पाहणारा, बहुधा स्वतः गुलाम असलेला माणूस आहे. मराठी वाचकाला कारभारी म्हणताच दौलतीचा कारभार आठवतो. 1840 साली खालसा झालेल्या आंग्र्यांच्या अलिबागेत तर तो शब्द सत्तेचाच होता. तरी कारभारी कितीही मोठा झाला तरी दौलत त्याची नसते, हा मुद्दा मराठीत अबाधित राहिला.

‘नवशिका’ या शब्दाविषयी मात्र समाधान होत नाही. अध्यक्ष नवशिका नसावा, असे तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. मूळ शब्दाचा अर्थ ‘नुकताच लाविलेला’, रोपाला लावतात तसा. नवशिक्याला काम येत नाही, एवढेच मराठीत कळते. लाविलेल्या रोपाने अजून मूळ धरलेले नाही, हे कळत नाही. आगराच्या वाडीत सुपारीचे रोप लावून फळाची वाट वर्षानुवर्षे पाहणाऱ्या अलिबाग-मुरुडकडच्या बागाईतदाराला ही प्रतिमा समजावून सांगावी लागली नसती.

आता ‘वडील’. मूळ ‘प्रेस्बिटेरॉस’ या शब्दाचा अर्थ वयाने मोठा, आणि त्यावरून यहुदी सभास्थानाच्या व पुढे ख्रिस्ती मंडळीच्या पंचांपैकी एक. पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हे दोन्ही अर्थ सोळा ओळींच्या अंतराने येतात. आरंभी वडील माणसाला टाकून बोलू नये असे आहे. तेथे अर्थ वयाचा. पुढे जे वडील आपले काम चांगले करतात त्यांना दुप्पट मान द्यावा असे आहे. तेथे अर्थ पदाचा. लॅटिन परंपरेने पदाच्या अर्थी ग्रीक शब्द तसाच उचलला, त्यातून इंग्रजी ‘प्रीस्ट’ झाला, आणि प्रीस्ट म्हटल्यावर वय कोणाच्या ध्यानात येणार? मराठीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘वडील’ हाच शब्द आहे, आणि वाचकाला प्रत्येक वेळी थांबून ठरवावे लागते की, येथे म्हातारा माणूस अभिप्रेत आहे की पंच. हे थांबणे मुळात आहे, म्हणून भाषांतरात असणेही योग्य. पेशित्ता या प्राचीन सिरियाक भाषांतरातही हीच वाट धरलेली आढळते. किंबहुना तेथे भाषांतरकार आणखी पुढे गेला आणि तिसऱ्या अध्यायातल्या अध्यक्षालाही त्याने ‘कशीशा’ म्हणजे वडीलच म्हटले. दोन भाषांचा परस्परांशी काही संबंध नसताना एकाच शब्दाकडे दोघांनी जावे, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. ज्या समाजांत अधिकार अजून वयापासून पुरता सुटलेला नसतो, त्यांना प्राचीन मंडळी चटकन समजते.

एक अडचण मराठीत आहे, ती नाकारता येत नाही. ‘वडील’ म्हणजे बापही. ग्रीक शब्दाला ही छटा नाही. या एका छटेमुळे मंडळीचे पंचमंडळ मराठी वाचकाच्या मनात बापांचे मंडळ होते, आणि ज्याच्यापुढे उलट बोलू नये असा एक पडदा त्या पदाभोवती उभा राहतो. वस्तुतः त्याच पाचव्या अध्यायात वडिलांविरुद्ध दोन-तीन साक्षीदारांनिशी तक्रार आणता येते, आणि दोष सिद्ध झाल्यास त्यांना सर्वांसमक्ष शब्द लावावा, असे स्पष्ट आहे. बापाविरुद्ध साक्षीदार उभे करण्याची कल्पना मराठी घरात सहज बसणारी नव्हे. येथे शब्दाने आज्ञेची धार बोथट केली.

गंमत अशी की, किनाऱ्यावरची दुसरी ख्रिस्ती परंपरा याच ठिकाणी, पण वेगळ्या वाटेने पोचली. 1521 पासून चौलात पोर्तुगीजांचे ठाणे होते. 1594 साली त्यांनी कोर्लईचा डोंगर घेतला, आणि 1740 साली चौल व कोर्लई मराठ्यांच्या हाती गेल्यावरही कोर्लईची ख्रिस्ती वस्ती तेथेच राहिली. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली त्यांची बोली आजही त्या गावात बोलली जाते. या परंपरेने मराठीला दिलेला शब्द ‘पाद्री’, आणि त्याचाही मूळ अर्थ बापच. गोव्यात 1616 साली छापल्या गेलेल्या क्रिस्तपुराणात फादर स्टीफन्सने श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा असा एक गुरू उभा केला आहे, तोही पाद्रीच. प्रॉटेस्टंट भाषांतरकारांना ‘पाद्री’ नको होता, म्हणून त्यांनी देशी शब्द शोधला, आणि तो ‘वडील’ निघाला. दोघांचा अर्थ एक. फरक राहिला तो वचनाचा. पाद्री एकटा येतो, बहुतेक वेळा समुद्रापलीकडून येतो, आणि त्याला वरून नेमलेले असते. ‘वडील’ अनेक असतात, गावातलेच असतात, आणि पत्राच्या शब्दांत सांगावयाचे तर बाहेरच्या लोकांतही त्यांचे नाव चांगले असावे लागते. रोमन कॅथलिक मराठीत आता ‘धर्मगुरू’ हा शब्द रुळला आहे. तो भारदस्त आहे खरा, पण पाळकीय पत्रांतल्या एकाही पदाशी जुळत नाही. त्यात ना देखरेख आहे, ना वय, ना घर.

तिसरी परंपरा बेने इस्राएलांची. नौगाव येथे गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’. त्यांची गावे याच पट्टीवर आहेत, आणि आडनावेही गावांचीच. समाजाची स्मृती असे सांगते की, दावीद राहाबी नावाचा एक परदेशी यहुदी आला, त्याने या विस्मृत लोकांना ओळखले, आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील तिघांना शास्त्र शिकवून त्यांना शिकवणीचे काम सोपविले. हेच ‘काजी’. ते गावोगाव फिरून संस्कार करीत आणि तंटे मिटवीत. राहाबीच्या काळाविषयी एकमत नाही. कोणी त्याला हजार वर्षे मागे नेतो, कोणी त्याला अठराव्या शतकातला कोचीनचा व्यापारी ठरवितो. तथापि कथेचा आकार तीताच्या पत्राशी इतका जुळतो की, तुलना टाळणेच कृत्रिम होईल. पाहुणा शिक्षक, किनाऱ्यावर विखुरलेली छोटी गावे, निवडून तयार केलेले शिष्य, आणि मागे ठेविलेले काम. कोणाकडूनही उसने न घेता, निव्वळ परिस्थितीच्या रेट्याने, एक पाळकीय व्यवस्था झिराड आणि राजपुरीच्या परिसरात उभी राहिली.

परंतु तुलना करावयाची ती भेद पाहण्यासाठी. काजीपद वंशाने चालत गेले. पाळकीय पत्रांत अध्यक्षाच्या, वडिलांच्या आणि सेवकांच्या लक्षणांची जी यादी आहे तीत कुळ नाही. मुलांचा उल्लेख आहे. पण बापाच्या पदाचे वारस म्हणून नव्हे, तर बापाच्या संगोपनाचा पुरावा म्हणून. दुसऱ्या पत्रात शिकवण पुढे नेण्याची जी साखळी सांगितली आहे, पौलाकडून तीमथ्याकडे, त्याच्याकडून विश्वासू माणसांकडे, आणि त्यांच्याकडून आणखी इतरांकडे, तिच्यात एकही कडी रक्ताची नाही. ज्या प्रदेशात जोशीपण, पाटीलकी आणि काजीपण या सर्वांचे वतन होते, त्या प्रदेशाच्या भाषेत ही यादी छापली गेली तेव्हा तिच्यातले न लिहिलेलेच सर्वांत ठळक झाले. त्या काळच्या वतनदार वाचकाला यादीतला एखादा सद्गुण खटकला नसता. जातीचे नावच नाही, हे खटकले असते.

बेने इस्राएलांच्या व्यवस्थेतून आणखी एक धागा मिळतो. सभास्थाने उभी राहिल्यावर, मुंबईत 1796 साली आणि पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथे, काजीचे महत्त्व ओसरले आणि हझान, शमाश हे अधिकारी आले. शमाश म्हणजे सभास्थानाची सेवा करणारा. त्याच सेमिटिक धातूपासून केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांचा ‘शेम्माशन’ शब्द आला आहे, आणि त्याचा अर्थ पाळकीय पत्रांतला तिसरा अधिकारी, मराठीतला ‘सेवक’. अलिबागचा शमाश आणि कोट्टयमचा शेम्माशन यांचे पदनाम एकाच मुळाचे असावे, हे किनाऱ्याच्या भाषिक इतिहासातले एक दुर्लक्षित स्थळ आहे. मराठी ‘सेवक’ त्यामानाने फिका. मूळ शब्द ताटे वाढणाऱ्याचा होता. सेवक म्हटल्यावर नोकर तरी होतो किंवा देशसेवक तरी, पंक्तीत वाढपी होत नाही.

प्रॉटेस्टंट मिशनांचा या किनाऱ्याशी संबंध 1823 पासूनचा. त्या वर्षी स्कॉटिश मिशनरींनी सावित्रीच्या मुखाशी, दक्षिण तीरावरील बाणकोट येथे काम सुरू केले. 1829 साली आलेल्या जॉन विल्सनचे पहिले मराठी शिक्षण त्याच भागात झाले. विल्सनने 1832 साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत छापली, ती मुख्यतः बेने इस्राएलांसाठी. मिशनच्या शाळांतून शिकलेल्या यहुदी मुलांना आपलेच शास्त्र मराठीतून वाचता आले. ख्रिस्ती मात्र त्यांच्यापैकी अगदी थोडे झाले. शिकवण आणि शिकवणारा यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचे हे उदाहरण पाळकीय पत्रांच्या लेखकाला आवडले नसते.

कारण त्याचा सारा भर त्या संबंधावर आहे. ‘सुशिक्षण’ हा मराठी शब्द ज्या ग्रीक शब्दप्रयोगासाठी आला आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘निरोगी शिकवण’. निरोगी असणे या अर्थाचे क्रियापद तिन्ही पत्रांत मिळून आठ वेळा येते, आणि पौलाच्या नावाने असलेल्या इतर कोणत्याही पत्रात एकदाही येत नाही. हा लेखकाचा लाडका शब्द आहे, आणि त्याच्याभोवती त्याने वैद्यकाचे एक सबंध दालन उघडले आहे. खोटे शिक्षक वादाच्या व्याधीने पछाडलेले आहेत. त्यांची सदसद्विवेकबुद्धी डाग दिल्यासारखी बधिर झाली आहे. श्रोत्यांच्या कानांना खाज सुटली आहे. आणि चुकीचे बोलणे कुजणाऱ्या जखमेसारखे चरत जाते. शेवटच्या प्रतिमेला मराठीने ‘काळपुळी’ हा अस्सल घरगुती शब्द दिला, तो वाचताच अंगावर काटा येतो. पण रोगाचे शब्द ठेवून आरोग्याचा शब्द मात्र गाळला. ‘सुशिक्षण’ आणि ‘सुवचने’ यांतला ‘सु’ चांगुलपणा सांगतो, तब्येत सांगत नाही. परिणाम असा झाला की, मुळातला वैद्य मराठीत शाळामास्तर झाला. हा केवळ अलंकाराचा तोटा नव्हे. शिकवण चांगली किंवा वाईट असते तेव्हा तिचा निकाल अधिकारी देतो. ती निरोगी किंवा रोगट असते तेव्हा तिची पारख तिच्यावर जगणाऱ्या माणसांकडे पाहून होते. पत्रांतला युक्तिवाद दुसऱ्या प्रकारचा आहे. तेथे खोटी शिकवण ओळखण्याची खूण म्हणून तत्त्वांची चर्चा फारशी येत नाही, तिच्या योगे मोडलेली घरे आणि वाढलेली भांडणे येतात. ‘सुशिक्षण’ म्हटल्यावर ही खूण पुसली गेली, आणि अधिकाऱ्याचा निकाल तेवढा राहिला.

याची भरपाई ‘ठेव’ या शब्दाने काही अंशी केली. दोन्ही पत्रांत तीमथ्याला सोपविलेली ठेव सांभाळावयास सांगितले आहे. ग्रीक शब्द कायद्यातला आहे : परगावी जाणारा मनुष्य विश्वासू माणसापाशी जे ठेवून जातो ते, घेणाऱ्याने ते वापरू नये, वाढवू नये, आणि मागताच जसेच्या तसे परत द्यावे. मराठीत ठेव सावकाराकडेही असते आणि शेजारणीकडेही. सर्व परिभाषेत एवढा बिनचूक शब्द दुसरा नाही. त्याने एक प्रश्नही आपोआप उभा केला : ठेव कोणाकडे ठेवता येते? सावकाराकडेच, की शेजारणीकडेही?

या प्रश्नाची कसोटी किनाऱ्यावर लागली नाही. ती पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात लागली. पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, अशी आज्ञा आहे. 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या रमाबाई पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न 1885 साली निघाला, आणि मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांचे मुख्य कारण वचनाचे नव्हते. भारतात लोक काय म्हणतील, असे ते होते. म्हणजे बाहेरच्या लोकांत नाव चांगले असावे, ही अध्यक्षाची अट त्यांनी रमाबाईंना लाविली. रमाबाईंनी उत्तरात कळविले की, आपल्या आईने आणि आपण तरुण पुरुषांना शिकविले तेव्हा ना वडिलांनी हरकत घेतली ना पतीने, आणि हरकत इंग्रजांनी घ्यावी याचे आश्चर्य वाटते. मराठीत ‘अध्यक्ष’ आणि ‘वडील’ एकमेकांसमोर असे उभे राहिलेले दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही. अध्यक्षांनी जे नाकारले ते खऱ्याखुऱ्या वडिलांनी कधीच दिले होते. आपण देवाचे वचन मानतो, त्याचा अर्थ सांगण्याचा मक्ता धर्माधिकाऱ्याचा आहे असे मानीत नाही, ही भूमिका रमाबाईंनी त्या पत्रव्यवहारात अखेरपर्यंत सोडली नाही.

पत्रांनीही त्यांना थोडी साथ दिली आहे, आणि ती मराठीत दिसते. दुसऱ्या पत्राच्या आरंभी तीमथ्याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता, असे म्हटले आहे. शास्त्र तो बालपणापासून जाणतो, असेही पुढे येते. रमाबाईंना संस्कृत आई लक्ष्मीबाईंनी शिकविले होते. पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मूळ लेखक वडील पुरुषांनंतर लगेच तोच शब्द स्त्रीलिंगात वापरतो. तेथे अनेक भाषांतरांत ‘म्हाताऱ्या बायका’ होतात, मराठीने ‘वडील स्त्रिया’ ठेविले. तीताच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध स्त्रियांना चांगल्या गोष्टी शिकविणाऱ्या म्हटले आहे, आणि तेथे शिकविण्याचा शब्द तोच आहे जो ‘सुशिक्षण’ शब्दाच्या मुळाशी आहे. दुसऱ्या अध्यायातली आज्ञा याने रद्द होत नाही. पण ज्या लेखकाने ती लिहिली, त्याच्याच पत्रांत तिच्याशी न जुळणाऱ्या या जागा आहेत, आणि त्या दडविण्याचे काम मराठीने केले नाही.

साठ वर्षांवरील विधवांची नावे मंडळीच्या यादीत घालावी, तरुण विधवांची घालू नये, असे त्याच पाचव्या अध्यायात आहे. 1889 साली मुंबईत शारदासदन निघाले ते मुख्यतः त्या दुसऱ्या वर्गासाठी. तेथून पुढे केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरविण्यास घेतले, आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. 1924 साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळविणे, छपाई आणि बांधणी मुक्तिसदनाच्याच छापखान्यात झाली, आणि ते काम करणाऱ्यांत तेथे आश्रयास आलेल्या विधवा व मुली होत्या. स्त्रीने शिकवू नये, हे वाक्यही त्यांनीच एकेक खिळा लावून जुळविले.